सीलबाख: सात अधिक सात

[दृश्य: उंच फ्लूट ग्लास, तळाशी बोटभर लालसर द्रव]

तळाशी दिसतोय तो लालसर द्रव नीट बघा. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की, क्वांत्रो हे संत्र्याच्या सालीचं गोड मद्य आणि बिटर्सचे, म्हणजे मसालेदार कडू अर्काचे, दोन जाती मिळून तब्बल 14 डॅश, म्हणजे झटके. एरवी कॉकटेलमध्ये दोन-तीन डॅश पडले की हात थांबतो. इथे 14, आणि वरून शॅम्पेन. याला म्हणतात सीलबाख.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात याच नावाचं हॉटेल आहे. बव्हेरियातून आलेल्या लुईस आणि ऑटो सीलबाख या भावांनी ते 1905 मध्ये उघडलं. तिथे काम करणाऱ्या अ‍ॅडम सीगर यांनी 1990 च्या दशकात सांगितलं, की अमेरिकेतल्या दारूबंदीच्या आधीची, 1917 ची, विसरलेली कृती हाती लागली आहे. गोष्टही फक्कड जोडलेली: बारटेंडरच्या हातून शॅम्पेन उतू गेली, ती मॅनहॅटन या व्हिस्कीच्या कॉकटेलच्या ग्लासात सांडली आणि हे पेय जन्मलं. पुस्तकांनी कृती छापली, जाणकारांनी माना डोलावल्या. 2016 मध्ये सीगर यांनीच न्यूयॉर्क टाइम्सकडे कबूल केलं, की कृती त्यांचीच, आणि गोष्टही त्यांनीच रचलेली.

इतिहास बनावट निघाला, तरी बारवाल्यांनी पेय टाकून दिलं नाही. माप चोख होतं.

[दृश्य: ओट्यावर मांडलेलं साहित्य]

बर्बन 30 मिली, क्वांत्रो 15 मिली, अँगोस्टुरा बिटर्स 7 डॅश, पेशोज बिटर्स 7 डॅश, थंडगार ब्रूट (म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली) शॅम्पेन 120 ते 150 मिली. 150 घालायची तर ग्लास 220 मिलीचा हवा. आपल्याकडचे बरेच फ्लूट त्याहून लहान असतात, मग 120 वर थांबा.

डॅश म्हणजे बाटली उलटी करून मनगटाला दिलेला एक झटका. गोची अशी, की भरलेल्या बाटलीतून डॅश बारीक पडतो आणि बाटली रिकामी होत जाते तसा मोठा. पहिला ग्लास मवाळ आणि पुढचा कडूजहर लागला, तर दोष इथेच असतो. सात डॅश साधारण पाच मिलीच्या चमच्याएवढे होतात, चमच्यानेच मोजा. दोन्ही बिटर्स का? अँगोस्टुरात दालचिनी-लवंगेच्या वळणाचा गरम मसालेदारपणा आहे, न्यू ऑर्लिन्सच्या पेशोजमध्ये बडीशेपेचा वास आणि लाल रंग. पेशोज नसेल म्हणून अँगोस्टुराचेच 14 ओतू नका, काढा होतो. सातवरच थांबा, पेय चांगलं लागेल, मात्र ते सीलबाख नव्हे.

गोड स्पार्कलिंग वाइन टाळा, कारण गोडवा क्वांत्रो आणतेच. लेबलवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ दिसलं तर फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. शॅम्पेन परवडत नसेल तर नाशिककडची ब्रूट घ्या. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली मिळते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, एवढंच.

[दृश्य: बर्फात फिरणारा लांब चमचा]

मूळ कृतीत सगळं थेट फ्लूटमध्येच ढवळतात. मुंबईच्या उकाड्यात ते करू नका. 30 अंशांच्या बर्बनवर शॅम्पेन पडली की विरघळलेला वायू भसकन निघून जातो. फेस वर येतो, खाली उरते मचूळ वाइन. म्हणून शॅम्पेन सोडून बाकी सगळं बर्फावर 15 सेकंद ढवळा आणि गार केलेल्या फ्लूटमध्ये गाळा. बर्फ ग्लासात जाता कामा नये.

शॅम्पेनची बाटली आधी अर्धा तास बर्फ-पाण्यात ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर गार करतो. उघडताना बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. ‘फट्ट’ नको, ‘फुस्स’ हवं. ग्लास तिरका धरून दोन हप्त्यांत ओता: आधी निम्मी, फेस बसला की उरलेली. मग चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, नाहीतर पहिला घोट नुसती वाइन आणि शेवटचा नुसतं बिटर्स. शेकर मात्र लांबच ठेवा.

चवीला हलकं, पण एका ग्लासात व्हिस्कीच्या तीन छोट्या पेगांइतकं अल्कोहोल आहे. दुसरा ग्लास भरण्याआधी हे आठवावं.

[दृश्य: सालीवरून उडणारे तेलाचे तुषार]

राहिली साल. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि मऊ, सोलाणं तिच्यावर नीट चालत नाही. घट्ट सालीचा माल्टा घ्या. बोटभर लांब पट्टी काढा, आतला पांढरा भाग खरवडून टाका. ग्लासावर धरून एकदाच पिळा. तेलाने फेस बसतो, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी, ग्लास पाहुण्याच्या हातात देताना.