धूळ पकडतं ते तेल

(गावातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि समोर बसलेली मंडळी,

विषय फलकावर लिहिलेला आहेच : एटीव्हीचा एअर फिल्टर कसा धुवावा आणि त्याला तेल कसं लावावं. या व्यासपीठावर संतसाहित्य झालं, शिवचरित्र झालं, तापीच्या पाण्यावर तर दरवर्षी होतं. ज्या इंजिनांवर आपली शेती उभी आहे, त्यांच्या श्वासावर बोलायला आजवर कोणाला बोलावलं नव्हतं. संयोजकांनी ते केलं, त्यांचे मनापासून आभार. आयटीआयमध्ये पोरांना इंजिन शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. तेव्हापासून हा विषय मनात साठलेला आहे आणि आज तुम्ही आयते सापडला आहात.

आधी हात वर करा बरं. ट्रॅक्टर कोणाकोणाकडे आहे? छान. मोटारसायकल? हे विचारायलाच नको होतं. आणि एटीव्ही? मागे दोन हात दिसतायत. शहाद्याकडचे दिसता. बाकीच्यांसाठी सांगतो : चार जाडजूड, कमी हवेचे टायर, मोटारसायकलचं हँडल, सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. आपल्याकडे लोकांनी हे यंत्र आधी थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या खेळात पाहिलं, म्हणून ते खेळणंच वाटतं. खेळणं नाही ते. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांचं काढलं होतं. ते इतकं उलटायचं की अमेरिकेत १९८८ मध्ये तीनचाकीची विक्रीच थांबवावी लागली, आणि चारचाकीच टिकली. तेव्हा शेतात आणलंत तर हेल्मेट घाला आणि पोरांच्या हाती देऊ नका. हे विषयाबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. शहादा तालुक्यात त्याची पपई आणि केळी आहे. त्याने जुनी एटीव्ही घेतली. ठिबकच्या नळ्या बघायला, खताच्या गोण्या बांधावरून न्यायला, रात्री पाण्याचा वॉल फिरवायला. पोरगा नीट वागवणारा. दिवाळीनंतर पैसे भरून रीतसर सर्व्हिसिंग करून घेतलं. संक्रांत झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. तेल कमी व्हायला लागलं. होळीपर्यंत सकाळी गाडी चालू होईना. त्याचा फोन आला, "सर, इंजिननी धूळ खादी." मी म्हटलं, हात लावू नको, मी येतो.

सीट काढली, एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, क्लिपा सोडल्या, झाकण उचललं. आत फोम, म्हणजे स्पंजासारखा फिल्टर. मंडळी, इतका स्वच्छ फोम मी वापरातल्या गाडीत क्वचित पाहिला असेल. फिकट पिवळा, कण नाही, डाग नाही. शेजारी उभा असलेला त्याचा काका म्हणाला, "बघा, फिल्टर तर चकाचक आहे." मी फोम दोन बोटांत दाबला. बोटं कोरडी. तेलाचा थेंब नाही, वास नाही. मग खिशातला पांढरा रुमाल बोटाला गुंडाळला आणि फिल्टरच्या पलीकडे, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून फिरवला. रुमाल तपकिरी झाला. ही नळी फिल्टरनंतरची, इथे धुळीचा कण दिसता कामा नये. काकांना रुमाल दाखवला, ते काही बोलले नाहीत.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तर सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभ्या चरा. सिलिंडर घासून तयार करताना, म्हणजे होनिंग करताना, पाडलेल्या तिरप्या रेषांनी तेल धरून ठेवायचं असतं, त्या पुसून गेलेल्या. इंजिनातलं तेल अंगठ्यावर घेऊन चोळलं, तर कचकच लागली. ज्यांनी व्हॉल्व्ह घासले आहेत त्यांना ही कचकच माहीत आहे. ग्राइंडिंग पेस्ट दुसरं काय असते? वंगणात कालवलेली कठीण पूड. आपण डबी विकत आणून चिमूटभर लावतो, आणि इथे इंजिन स्वतःच ती पेस्ट तयार करून रिंगांना लावत होतं.

मग आम्ही दोघं सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव घेत नाही, नावाने काही साधत नाही. जॉबकार्ड काढलं. त्यावर छापील ओळ होती, 'एअर फिल्टर क्लीन', आणि पुढे बरोबरची खूण. मी विचारलं, तेल कोणतं लावलं? तिथला मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "सर, आम्ही फिल्टर पूर्ण ड्राय करूनच बसवतो. एक थेंब राहू देत नाही." त्या पोराचा मला राग आला नाही. त्याने प्रामाणिकपणे काम केलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि जॉबकार्डावर तेलाचा रकानाच नव्हता! जे कागदावर नाही ते हाताने कसं होणार? वर व्यवस्थापकांचं म्हणणं, धूळ आत गेली म्हणजे मालकाची हयगय. सिलिंडर बोअर करून मोठा करणं, त्याला बसेल असा ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, सगळा खर्च पोराच्या डोक्यावर. मी लेखी मागणी दिली की या ओळीखाली आणखी एक ओळ छापा : 'तेल लावले, कोणते'. अजून छापलेली नाही. तुमच्यापैकी कोणाचं गॅरेज असेल, वॉशिंग सेंटर असेल, तर त्यांनी उद्यापासून आपल्या पावतीवर ही ओळ हाताने लिहावी, एवढी विनंती आहे.

आता यामागचं शास्त्र. तुम्ही म्हणाल, स्वच्छ फोममधून धूळ जाते कशी? एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनाने जवळजवळ पंधरापट, नेमकं सांगायचं तर १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे हवा झाली ११ किलो. ही हवा ९,००० लिटरच्या घरात जाते. आपल्या वैशाखात हवा विरळ होते, तेव्हा तेवढ्याच वजनाला १०,००० लिटरच्या जवळ ओढावी लागते. आणि ती ओढायची कुठून? पुढच्या चाकांनी उडवलेल्या धुळीतून. तापीकाठची माती असो की कपाशीची काळी जमीन, मे महिन्यात तिचा रस्ता पिठासारखा बारीक होतो. त्या धुळीत क्वार्ट्झ असतं. मोह्जच्या, म्हणजे खनिजांची कठीणता मोजायच्या १ ते १० या मापावर ते ७. सिलिंडरचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम त्याच्यापुढे मऊ आहेत.

फोमची भोकं या बारीक कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. चाळणी म्हणून फोम फक्त काडीकचरा आणि जिनिंगजवळून जाताना उडणारा कापूस अडवतो. बारीक धूळ अडते ती वेगळ्या रीतीने. फोमच्या आत हवेला वळणं घेत जावं लागतं. हवा हलकी, ती वळते. कण जड, तो वळणावर भिंतीला आपटतो. भिंत कोरडी असेल तर उडून पुढे जातो. भिंतीला तेल असेल तर चिकटतो, आणि तेल त्याच्यावर चढून पुढच्या कणालाही धरतं. घरी बघा, बैठकीतल्या पंख्यावरची धूळ फडक्याने निघते आणि स्वयंपाकघरातल्या पंख्याची घासूनसुद्धा निघत नाही. फोम हे निव्वळ तेल धरून ठेवायचं घर आहे, राखण तेलच करतं.

आणि ही गोष्ट खान्देशाला नवी नाही, हे मला आज मुख्यतः सांगायचं आहे. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर असायचा. खाली वाटी, वाटीत खुणेपर्यंत तेल. हवा मधल्या नळीतून खाली यायची, तेलावर आपटून उलटी वर वळायची, धूळ तेलात बसायची, उरलेली वरच्या तारांच्या भिजलेल्या जाळीत अडकायची. मळणीच्या दिवसांत आमचे ड्रायव्हर संध्याकाळी वाटी सोडून तळाचा गाळ बघायचे. शाळा चार बुकं झालेली माणसं ती, पण तेल खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल इंजिन भरकटतं, बंद होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग कागदी फिल्टर आले. कागदाला तेल लावायचं नसतं, पाणीही नाही. तो झटकायचा आणि वेळेवर बदलायचा. ते त्याच्या जागी बरोबरच आहे. पण एका पिढीच्या डोक्यात 'फिल्टर म्हणजे कोरडा' हे घट्ट बसलं. आता फोमची यंत्रं पुन्हा दारात आली आहेत, आणि बापाला माहीत असलेली गोष्ट पोराला माहीत नाही.

धुळीला सगळेच भ्यायले आहेत हो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांनी स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा भलामोठा फिल्टर बसवला. विमानाचा वेग घटला, पण इंजिन वाचवायला त्यांनी ते सोसलं. लढाईतल्या विमानाचा वेग! या विषयावर मी तासभर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं, आणि बाहेर वरण-बट्टी गार होतेय. तुमच्या नजराही दाराकडे वळल्यात, मला दिसतंय. मग फलकावरचा विषय आता घाईने घेतो, वहीत लिहून घ्या.

फोम काढण्याआधी एअरबॉक्स बाहेरून पुसा, नाहीतर झाकणावरची धूळच आत पडेल. फोम काढला की आतल्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा आणि मगच डबा पुसा. पेट्रोलमध्ये फोम बुडवायचा नाही. एक तर आग, दुसरं म्हणजे पेट्रोलने फोम कुजतो आणि जोडाचा गोंद सुटतो. जुने मिस्तरी म्हणतील, मग रॉकेल. पण ऐका, रॉकेलाच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात ते तापमान ३५ ते ४० अंशांच्या आसपास सुरू होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४ असतं. म्हणजे थंड देशात जे चालतं ते इथे उन्हाळ्यात पेट्रोलइतकंच जपण्याचं काम झालं. फिल्टर क्लीनर मिळाला तर तो वापरा. नाहीतर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. पहिल्या पाण्यात सगळं निघणार नाही. पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहा. फोम मुठीत दाबायचा, कपड्यासारखा पिळायचा नाही, फाटतो. कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, तिने आतल्या भिंती तुटतात.

सावलीत वाळवा, पूर्ण. ओल राहिली तर तिथे तेल धरत नाही. कडक उन्हात फोम ठिसूळ होतो. वाळल्यावर उजेडासमोर धरा. चीर दिसली, किंवा दाबल्यावर भुगा पडला, तर नवा आणा, चिकटवत बसू नका.

तेल फोम फिल्टरचंच घ्या, ते चिकट असतं आणि एकदा बसलं की खाली ओघळत नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत गिअर ऑइल किंवा इंजिन ऑइल चालेल असं लिहिलेलं असतं, तिथे पुस्तिका प्रमाण. पण पातळ तेल उभ्या फिल्टरमध्ये तळाशी जमतं आणि वरचा भाग कोरडा पडतो, म्हणून मधूनमधून उघडून बघावं लागतं. गाडीतून काढलेलं काळं तेल मात्र अजिबात नाही. त्यात आधीच लोखंडाची पूड आहे. हातमोजे घाला, तेल ओता, फोम मुठीत दाबत दाबत सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत मुरवा. फिकट ठिपका दिसला तर तिथे तेल नाही, त्याच जागेतून धूळ जाणार. मग जास्तीचं तेल दाबून काढा. थेंब गळत असेल तर अजून जास्त आहे, इंजिन गुदमरेल.

बसवताना फोमची कड आणि एअरबॉक्सची कड जिथे भेटते तिथे ग्रीसचं बोट फिरवा. कडेला फट राहिली तर हवा फोम सोडून तिथूनच जाते, मग तेलाचा काय उपयोग? कोंबलेलं फडकं काढायला विसरू नका. एअरबॉक्सच्या तळाशी छोटी रबरी नळी असते, तिचं तोंड बंद हवं. ती तुटलेली असेल तर तिथूनही धूळ ओढली जाते.

किती दिवसांनी? पुस्तिकेतला आकडा चांगल्या रस्त्यासाठी असतो, धुळीत लवकर करा असं तीच पुस्तिका बारीक अक्षरात सांगते. आपल्याकडे पाऊस उघडून कपाशी वेचणीला लागली की पुढच्या मृगापर्यंत आठवड्याला झाकण उघडून बघा. फोम मातकट दिसला की धुवा, आणि धुतलेला वाळेपर्यंत काम अडू नये म्हणून दुसरा, तेल लावून ठेवलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आणि रुमालाची परीक्षा, फिल्टरपलीकडच्या नळीत, दर वेळी.

त्या टेबलावर दोन फोम ठेवलेत, एक कोरडा, एक तेल लावलेला, शेजारी वाटीत बांधावरची माती आहे. ज्यांना हात घालून बघायचंय त्यांनी आधी इकडे या, जेवायच्या आधी, कारण हे तेल साबणाने लवकर निघत नाही.