ओढ्याची दुरुस्ती टेकडीवरून सुरू होते

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल भागातल्या वस्त्यांत शिरला. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. नंतर ओढ्याला सीमाभिंती घालायची कामं निघाली. काठावर राहणाऱ्यांची भीती खरी आहे. भिंत पाडा, असं मी म्हणणार नाही. पण भिंत बांधली म्हणजे ओढा दुरुस्त झाला, हे मला मान्य नाही. गुळगुळीत भिंतींमधून पाणी आणखी जोरात धावतं आणि भिंत संपते तिथला काठ फोडतं.

एक हिशेब करू. एक हेक्टर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी होतं. तिथे गवताळ टेकडी असेल तर त्यातलं बरंचसं मातीत-मुरमात मुरतं, उरलेलं रेंगाळत खाली येतं. टेकडी फोडून स्लॅब, पार्किंग, काँक्रीटचा रस्ता केला, की जवळजवळ सगळं पाणी पावसाळी गटारातून काही मिनिटांत ओढ्यात पडतं. शिवाय हे पाणी रिकाम्या हाताने येतं, त्यात वरून वाहून येणारे दगडगोटे नसतात. मग ओढा आपलाच तळ खरवडतो. तळ खोल गेला की काठ उभे कडे होतात आणि ढासळतात. आपल्याकडे खाली काळा कातळ लागला की खोल जाणं थांबतं. तेव्हा सगळा जोर काठांवर येतो आणि पात्र रुंद होत जातं. उंबराची मुळं हवेत लोंबताना दिसली, तर तिथे हेच चाललं आहे असं समजा. उन्हाळ्यातही नुकसान आहेच. मुरलेलं पाणी पाझरून यायचं, ते आता नाही. म्हणून ओढ्यात फक्त सांडपाणी उरतं.

त्यामुळे पहिलं काम वर. उतारावर बांधकाम थांबवायचं, उताराला आडवे, एका पातळीत जाणारे समतल चर खणायचे, सोसायट्यांच्या छतांचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं, बागा आणि मैदानं थोडी खोलगट करून पाणी काही तास तिथेच अडवायचं. हे न करता खाली खर्च केलेला पैसा पुढच्या पुरात वाहून जाईल.

त्यानंतर तळ. मोठे दगड आडवे, काठात आतपर्यंत रुतवून, पायऱ्यापायऱ्यांनी बसवले की पाण्याचा वेग तुटतो आणि मागे वाळू-गोटे साठतात. मग काठाचा उतार सौम्य करायचा. झाडं सगळ्यात शेवटी: पाण्यालगत लव्हाळा आणि शेरणी, वर वाळुंज, करंज, उंबर. ढासळत्या काठावर आधीच रोपं लावून फोटो काढण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये थॉर्नटन क्रीक नावाचा असाच शहरात कोंडलेला ओढा आहे. तिथल्या पालिकेने पुरात सापडणारी घरं विकत घेतली, पात्र रुंद केलं, तळाखाली वाळू-गोट्यांचा जाड थर घातला. काम २०१४ मध्ये झालं. २०१८ मध्ये तिथे चिनूक सॅल्मन माशांनी अंडी घातली. घरं *विकत घेतली*, यावर मी जोर देतो. आपल्याकडे पात्र मोकळं करायचं म्हटलं की पहिला हातोडा झोपड्यांवर पडतो. पाणी वाढवलं टेकडीवरच्या इमारतींनी आणि किंमत मोजायची काठावरच्या गरिबाने, हे मला पटत नाही. जवळपासच्या पक्क्या घराची हमी दिल्याशिवाय कुणालाही हलवू नये आणि तो खर्च वर बांधणाऱ्यांकडून घ्यावा. नकाशा मंजूर करतानाच प्लॉटबाहेर किती पाणी जाणार, ते लिहून घेता येईल.

शेवटचं, देखभालीचं. पहिले दोन-तीन पावसाळे प्रत्येक मोठ्या सरीनंतर कुणीतरी ओढ्यातून चालत गेलं पाहिजे. दगडांच्या पायरीखालून पाणी घुसलंय का, एखादी बाजू उघडी पडली का, नवं गटार कुठून जोडलं गेलं का, हे पाहून लगेच दुरुस्ती करायची. निविदेत या कामाचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.