पलटणीची लेक आणि तिचा गळा

श्रोतेहो, विनोदी भूमिका करणाऱ्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या, गायिकेचे कौतुक करताना पाश्चात्त्य समीक्षक बहुधा एक परिच्छेद तिच्या अभिनयाला देतात आणि दुसरा गळ्याला. ही वाटणी मला मुळीच पटत नाही. का पटत नाही, ते नाताली देसे या फ्रेंच गायिकेच्या एका भूमिकेवरून सांगतो.

इटालियन संगीतकार दोनित्सेत्तीचा 'ला फी द्यु रेजिमाँ', म्हणजे 'पलटणीची लेक', हा ऑपेरा १८४० साली पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आला. सैनिकांनी लहानाची मोठी केलेली मारी ही त्याची नायिका. दिग्दर्शक लोराँ पेली यांनी २००७ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहासाठी तो नव्याने बसवला आणि पुढे तो व्हिएन्ना व न्यूयॉर्कलाही गेला. मारीचा प्रियकर टोनिओ याच्या भूमिकेत गायक हुआन दिएगो फ्लोरेस होते आणि पुरुषी गळ्याला अवघड अशा त्यांच्या नऊ उंच 'सी' स्वरांची वाहवा होणे स्वाभाविकच होते. तरीही मारीच्या भूमिकेतील देसे यांना समीक्षकांनी तितकीच मनापासून दाद दिली.

पहिल्या अंकात मारी पलटणीच्या कपड्यांना इस्त्री करते, बटाटे सोलते, आणि हे सारे गाता गाता चालते. आधी नृत्य आणि नाट्य शिकून मग गाण्याकडे वळलेल्या देसे यांचे अंग इतके तयार होते की इस्त्रीचा फटका आणि तानेची सम एकाच क्षणी पडत असे. तान किंचित जरी मागे राहिली असती, तरी नुसती धावपळ दिसली असती आणि हसू आलेच नसते.

दुसऱ्या अंकातील गायनाच्या शिकवणीचा प्रसंग याहून अवघड आहे. मारीला पलटणीतून आपल्या घरी घेऊन आलेली उमराव स्त्री, मार्कीझ, तिला जुन्या वळणाचे नाजूक गीत शिकवू पाहते आणि मारी घडीघडी पलटणीच्या गाण्याकडे घसरते. इथे गायिकेला मुद्दाम वाईट गायचे असते, पण तेही नेमक्या जागी आणि तालात. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या रसिकांना अशा गायक-नटाची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र देसे यांची खरी थोरवी मला 'इल फो पार्तीर' या निरोपाच्या गाण्यात दिसते. पलटण सोडून जाणारी मारी तिथे एकही करामत न करता संथ, सरळ गाते. आधीच्या हास्यामुळे हे दुःख हलके होत नाही, उलट अधिक जवळचे वाटते.

२००० च्या दशकाच्या पूर्वार्धात देसे यांच्या स्वरतंतूंवर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि मारीची भूमिका त्यानंतरची आहे. तिच्यासाठी त्यांना २००८ चा लॉरेन्स ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, तो अभिनयासाठी नव्हे की केवळ गायनासाठी नव्हे, तर ऑपेरातील उल्लेखनीय कामगिरीसाठी.