शेवटी 'यांग' की 'चांग'?

नमस्कार श्रोतेहो. आज दोनच नावं. प्योंगयांग आणि प्योंगचांग. पुन्हा सांगतो, कान देऊन ऐका. शेवटी 'यांग' आलं की ती उत्तर कोरियाची राजधानी. शेवटी 'चांग' आलं की तो दक्षिण कोरियातला डोंगराळ जिल्हा. यांग उत्तरेला, चांग दक्षिणेला.

'प्योंग' दोन्हीकडे एकच, अर्थ सपाट. 'यांग' म्हणजे माती. तेव्हा प्योंगयांग म्हणजे सपाट जमीन, बस्स! या शहराचं जुनं नाव याहून देखणं होतं, रयुग्योंग, म्हणजे विलोंची राजधानी. हो, तोच विलो, ज्याची क्रिकेटची बॅट होते.

आता गंमत ऐका. २०१४ साली प्योंगचांगला, चांगला बरं का, जैवविविधतेवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. केनियाहून एक गृहस्थ निघाले, गुरं राखणाऱ्या मसाई समाजातले. तिकीट निघालं बीजिंगमार्गे. पण कुठलं? यांगचं! इंग्रजीत दोन्ही नावं पी-वायनंच सुरू होतात, आणि नजर पुढच्या अक्षरांपर्यंत पोचतेच कुठे? (लग्नाची पत्रिका आपण चार जणांकडून तपासून घेतो, तिकीट मात्र खिशात घालून मोकळे. आणि त्या पत्रिकांवर हल्ली सोनेरी वेलबुट्टीत मुहूर्तच सापडत नाही, तो भाग वेगळा.)

विमान खाली येऊ लागलं. कोरिया म्हणजे मोठा पुढारलेला देश, असं ऐकलेलं. खाली तर तसं काही दिसेना. उतरले, तर समोर सैनिक, आणि भिंतीवर उत्तर कोरियाचे आधीचे सत्ताधीश किम इल-सुंग आणि किम जाँग-इल यांच्या तसबिरी. तेव्हा लख्ख प्रकाश पडला, आपण चांगला नाही, यांगला आलो! व्हिसा नाही. कित्येक तास चौकशी, पाचशे डॉलर दंड, आणि परत बीजिंगला रवानगी. तिथून मग दक्षिण कोरिया. माणूस सुखरूप पोचला, दंड मात्र गेला तो गेलाच.

पुढे २०१८ साली त्याच प्योंगचांगला हिवाळी ऑलिम्पिक झालं. कुणी पाहुणा चुकून उत्तरेला उतरायला नको, म्हणून आयोजकांनी काय केलं असेल? नावाच्या मधोमध 'चांग'चा सी मोठ्या लिपीत काढला. फलकांवर मधेच तो मोठा सी. इंग्रजी व्याकरणाचे मास्तर लाल पेन घेऊन धावले असते. पण आमचं मत विचाराल तर ठीकच केलं.

आणि हो, सोलबद्दल बोलायचं कबूल केलं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय. सोलचा अर्थ तसाही एका शब्दात मावतो: राजधानी. येतो, नमस्कार.