सालवीनकडे उतरणारा प्रांत : मे हाँग सोन

उत्तर थायलंडमधील पिंग, वांग, योम आणि नान या चार मोठ्या नद्या दक्षिणेला वाहत जाऊन चाओ फ्राया नदी घडवतात आणि तिचे पाणी बँकॉकवरून थायलंडच्या आखातात जाते. देशाच्या वायव्य टोकावरील मे हाँग सोन प्रांताचे पाणी मात्र राजधानीकडे पाठ फिरवते. इथली पाय नदी डोंगरांतून वाट काढत म्यानमारच्या हद्दीत शिरून सालवीन नदीला मिळते. दक्षिणेकडची युआम नदीही अखेर सालवीनमध्येच जाते आणि सालवीन म्यानमारमधील मोलमीन बंदरापाशी समुद्र गाठते. प्रांताचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी हा उतार ध्यानात घ्यावा लागतो.

सुमारे 12,700 चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात सपाट जमीन फार थोडी आहे. भातखाचरे आणि गावे नद्यांकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यांत वसली आहेत, बाकी डोंगर आणि जंगल. थायलंडमध्ये जंगलाचे प्रमाण सर्वांत जास्त इथेच आहे. लोकसंख्या तीन लाखांच्याही आत आहे. थाई लोक मे हाँग सोनला तीन धुक्यांचे शहर म्हणतात. त्यांपैकी दोन धुकी हिवाळ्याची आणि पावसाळ्याची. तिसरे म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेते आणि रानातला पालापाचोळा जळताना दरीत कोंडून राहणारा धूर. पर्यटनाच्या पत्रकांत या तिसऱ्या धुक्याचा उल्लेख सहसा नसतो.

पांग मफा तालुक्यातील चुनखडीच्या डोंगरांत शेकडो गुहा आहेत. त्यांतल्या कित्येक गुहांमध्ये सागाचे ओंडके कोरून केलेल्या शवपेट्या सापडल्या असून त्या साधारण एक हजार ते दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या आहेत. थाम लॉट गुहेतून तर अख्खी नदी वाहते. पर्यटक बांबूच्या तराफ्यावरून, कंदिलाच्या उजेडात आत जातात आणि संध्याकाळी पाकोळ्यांचे प्रचंड थवे त्याच तोंडातून आत शिरत असतात.

लिखित इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. 1831 मध्ये शेजारच्या चिआंग माई राज्याच्या अधिपतीने आपल्या एका नातलगाला हत्ती पकडण्यासाठी या रानात पाठवले आणि त्या मोहिमेतून इथे वस्ती उभी राहिली. ती वाढली सागवानामुळे. तोडलेले ओंडके हत्तींकरवी ओढ्यांपर्यंत आणले जात आणि पावसाळ्यात पूर आला की सालवीनमार्गे ब्रिटिशांच्या ताब्यातील मोलमीनला वाहून जात. चिआंग माईचे सत्ताधीश एकाच जंगलाचा मक्ता अनेकांना देत. मक्तेदारांत ब्रिटिश प्रजाजन असलेले ब्रह्मदेशीय व्यापारी असल्याने तंटे थेट हिंदुस्थान सरकारपर्यंत पोहोचत. अखेर जानेवारी 1874 मध्ये कलकत्त्यात सयामबरोबर (आजच्या थायलंडबरोबर) करार झाला आणि सालवीनच्या हद्दीवर पहारा ठेवण्याची जबाबदारी सयामच्या बाजूवर आली. त्याच वर्षी मे हाँग सोनला शहराचा दर्जा मिळाला आणि सिंहनाद राजा ही पदवी मिळालेला शान जमातीचा एक पुढारी त्याचा पहिला अधिपती झाला. पुढे उत्तर सयामच्या सागवानात ज्या परक्या कंपन्या उतरल्या, त्यांत 1863 मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनही होती.

शहरावरच्या डोई काँग मू टेकडीवर शान धाटणीचे दोन पांढरेशुभ्र चैत्य आहेत. पहिला 1860 चा असून दुसरा या पहिल्या अधिपतीने बांधला. इथले बरेच लोक आजही शान, म्हणजे थाई याई आहेत. मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी त्यांचा पॉय सांग लाँग हा उत्सव भरतो. श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, होण्याची दीक्षा घेणाऱ्या मुलांचे मुंडण करून त्यांना राजपुत्रांसारखी भरजरी वस्त्रे, दागिने आणि फुलांचा शिरपेच घालतात. उत्सवात या मुलांचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. वडील किंवा आप्त त्यांना खांद्यावर बसवून ढोल-झांजांच्या गजरात नाचवतात आणि शेवटी हा सारा थाट उतरवून त्यांना चीवर दिले जाते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने याच डोंगरांतून रस्ता काढण्याचा प्रयत्न केला आणि पराभवानंतर ब्रह्मदेशातून हटलेले आजारी, उपाशी सैनिक प्रांतातल्या खुन युआम गावापर्यंत पायी आले. तरीही धड मोटाररस्ता व्हायला 1960 चे दशक संपत यावे लागले. तोवर इथली बदली ही सरकारी नोकरांना शिक्षाच वाटे. आज चिआंग माईहून येणाऱ्या रस्त्याची 1,864 वळणे पार केल्याचे प्रमाणपत्र हौशी प्रवाशांना मिळते.

पश्चिमेकडून माणसे येणे मात्र थांबलेले नाही. 1980 च्या दशकापासून म्यानमारमधील लढायांमुळे करेन आणि करेन्नी लोक सीमा ओलांडत आले. त्यांच्यातल्या कायान स्त्रिया गळ्यात पितळेचे वेटोळे घालतात. त्याने मान लांब होत नाही, तर भाराने गळ्याखालची हाडे आणि बरगड्या खाली दबतात. या स्त्रियांची गावे प्रवेशशुल्क आकारून पर्यटकांना दाखवली जाऊ लागली. 2008 मध्ये काही कायान कुटुंबांना न्यूझीलंड आणि फिनलंड स्वीकारायला तयार असूनही थायलंड जाऊ देत नाही, अशी तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने जाहीरपणे केली. ज्यांचे फोटो प्रांताच्या जाहिरातींवर झळकतात, त्यांनाच देश सोडण्याची मुभा नसावी, याला पाहुणचार म्हणता येत नाही.

प्रांतात निर्वासितांच्या चार छावण्या आहेत आणि तिथे जन्मलेली पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. मार्च 2021 मध्ये म्यानमारमधील करेन प्रदेशावर हवाई हल्ले झाले, तेव्हा हजारो लोक पुन्हा सालवीन ओलांडून आले. थायलंडमधील छावण्यांत दीर्घकाळ राहणाऱ्यांना बाहेर कायदेशीर रोजगार करू देण्याचा निर्णय थाई मंत्रिमंडळाने घेतला, तो ऑगस्ट 2025 मध्ये.