शंकूची सावली

(दृश्य: शाळेचे मैदान, सकाळ. चुन्याने आखलेले वर्तुळ, मध्यभागी काठी.)

डिसेंबरचा तिसरा आठवडा आहे. नागपुरातील एका माध्यमिक शाळेच्या मैदानावर नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवणारे तीसेक शिक्षक उन्हात बसले आहेत. मैदानाच्या मधोमध एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली आहे आणि तिच्या पायाशी केंद्र धरून, दोरी व चुन्याने, १२० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत अशा काठीला शंकू म्हणतात. सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण करायची, एवढीच सूचना प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकांनी दिली आहे.

(दृश्य: सावलीचे टोक, अगदी जवळून.)

साडेदहा वाजून गेल्यावर टोक वर्तुळाजवळ येते आणि तिथेच पहिला वाद उभा राहतो. सावलीची कड रेघेसारखी स्पष्ट नाही. ती सुमारे दोन सेंटिमीटर पट्टीत फिकट होत जाते. गणिताचे शिक्षक म्हणतात की टोक अजून आत आलेले नाही, विज्ञानाच्या शिक्षिका म्हणतात की ते केव्हाच आत आले. मग त्याच शिक्षिका वहीत आकृती काढून दाखवतात की सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून गडद प्रच्छायेला लागून फिकट उपच्छाया पडते. फिकट पट्टीचा मध्य धरायचा, असे सर्वानुमते ठरते. मापनातील त्रुटी हा विषय प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात नव्हता, पण सकाळचा बराच वेळ त्याने घेतला आणि तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

(दृश्य: पाठ्यपुस्तकांची पाने, रिकामे प्रशिक्षण सभागृह.)

महाराष्ट्रात नववीची नवी पाठ्यपुस्तके २०१७ साली आणि दहावीची २०१८ साली आली. गणिताचे दोन भाग, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे नववीला एक पुस्तक व दहावीला दोन भाग, अशी त्यांची मांडणी आहे. पुस्तके बदलली की प्रशिक्षणे होतातच. सभागृहात पडदा लावला जातो, त्यावर घटकांची यादी सरकत राहते, आणि शिक्षकांनी वर्गात व्याख्यान देऊ नये हे त्यांना व्याख्यानातून सांगितले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते ५० तास पडद्यासमोर जाणार की मैदानावर, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर आपल्या शेजारीच घडून गेले. नागपूरहून इटारसीमार्गे उत्तरेकडे जाणारी गाडी ज्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यातून जाते, तिथे १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी जे प्रयोग करायचे ते सगळे शिक्षकांनी प्रशिक्षणात आधी स्वतः, टोळ्या करून, चुकत-माकत करायचे, हा त्याचा कणा होता. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही होते. १९७८ पर्यंत तो जिल्हाभर पसरला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. आजच्या मैदानावरची पद्धत थेट त्या परंपरेतील आहे.

(दृश्य: घड्याळ आणि काठी एका चौकटीत.)

बारा वाजतात, तरी सावली अजून कमी होतेच आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नागपूर ७९ अंशांवर, त्यामुळे आपला मध्यान्ह घड्याळाच्या मागे राहतो. आज तो बारा वाजून अकरा मिनिटांच्या आसपास आहे. त्या वेळी सावली मोजली जाते. कोणाच्या टेपवर ९८ सेंटिमीटर येतात, कोणाच्या ९९. काठी १०० सेंटिमीटरची आहे. क्षणभर कोणी बोलत नाही, आणि मग मागून एक सर म्हणतात, “म्हणजे हा टॅन ४५ जवळपास जमिनीवरच पडलाय की हो.” ४५ अंशांचा टॅन १ असतो, म्हणजे काठी आणि सावली सारख्याच लांबीच्या.

आकृती प्रमाणात काढून कोनमापकाने मोजल्यावर सूर्याचा उन्नत कोन ४५ अंशांहून थोडा अधिक, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून त्याचे अंतर सुमारे ४४.६ अंश येते. या दिवसांत सूर्य मकरवृत्ताजवळ, विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो. वजाबाकी केली की उरतात सुमारे २१ अंश, आणि तो नागपूरचा अक्षांश आहे. भूगोलाच्या नकाशावरून पाठ केलेला आकडा काठी आणि टेपमधून निघाला.

(दृश्य: झिरो माइलचा स्तंभ आणि घोडे.)

शहराच्या मध्यावर उभा असलेला हा स्तंभ महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीने केलेल्या भारताच्या मोजणीची, आठवण देतो. १८०२ साली मद्रासजवळ ते काम सुरू करणारे विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तिथेच आहे. पाठ्यपुस्तकातल्या शिडी आणि भिंत यांच्यापलीकडे त्रिकोणमितीचे उदाहरण हवे असेल, तर विदर्भातील शिक्षकाला फार लांब जावे लागत नाही.

(दृश्य: दुपार. दुसरी खूण, ताणलेली दोरी.)

पावणेदोनला टोक पुन्हा वर्तुळाला शिवते. दोन खुणा जोडून जीवा मिळते. ती पूर्व-पश्चिम असते. तिचा मध्यबिंदू काठीच्या पायाशी जोडला की रेषा जीवेला लंब होते, आणि ती उत्तर दिशा दाखवते. नववीच्या वर्तुळ या प्रकरणातील प्रमेय हेच. शिक्षक ते फळ्यावर अनेकदा सिद्ध करून आले आहेत. दोरी मात्र आज पहिल्यांदा ताणली.

पुढच्या काही दिवसांत काही शाळांत हा तास झाला, काही शाळांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत राहून गेला.

(दृश्य: व्हरांडा. वार्षिक नियोजनाची वही.)

त्याच दिवशी संध्याकाळी दोन शिक्षिका नियोजनाची वही उघडून बसल्या आहेत. नागपुरात मध्यान्ही सावली नाहीशी होते ती मेच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा शाळा बंद असतात. पुन्हा तसे होते जुलैच्या मध्यावर, तेव्हा ढग असतात. दहावीला डिसेंबरात उजळणी चालू असते. त्यामुळे त्या नववीच्या पानावर त्रिकोणमितीसमोर लिहिलेला महिना खोडून तिथे डिसेंबर लिहितात, आणि विज्ञानाच्या रकान्यात त्याच आठवड्यात एक जोडतासिका मागतात.