चांदीच्या डॉलरवरचं इवलंसं अक्षर

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर कधी हाती आला, तर आधी तो उलटा करून पाहा. 1878 ते 1904 आणि नंतर 1921 साली पाडलेलं हे नाणं 26.73 ग्रॅमचं, नव्वद टक्के चांदीचं. मागं पंख पसरलेला गरुड आहे, त्याच्या खाली पानांची माळ. माळेच्या गाठीखाली, ‘डॉलर’ शब्दाच्या जरा वर, भिंगातून एखादं बारीक अक्षर दिसेल. ती टांकसाळीची खूण. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, जोडीनं ‘सीसी’ असेल तर नेव्हाडातल्या चांदीच्या खाणींजवळची कार्सन सिटी. 1921 च्या नाण्यावर ‘डी’ असेल तर डेन्व्हर. काहीच नसेल तर नाणं फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीचं. आपल्याकडेही कोलकात्याचं नाणं बिनखुणेचंच असतं, मुंबईच्या नाण्यावर मात्र सालाखाली हिऱ्याचा आकार दिसतो.

नाण्यात चांदी कमी भरली, तर जाब कोणाला विचारायचा हे कळावं, हा या खुणेमागचा हेतू. आज संग्राहक तिच्यावरून किंमत ठरवतात. पण किती नाणी पाडली या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, असं मी आग्रहानं सांगेन. त्याचं कारण थेट हिंदुस्थानशी जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात इथले लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी आटत चालली. तेव्हा 1918 च्या पिटमन कायद्यानं अमेरिकेनं 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटननं हिंदुस्थानासाठी विकत घेतली. कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही. 1903 चा ‘ओ’ खुणेचा डॉलर त्यामुळं फार दुर्मीळ समजला जाई. 1962 साली सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला!

1893 चा ‘एस’ डॉलर खरोखरच दुर्मीळ, अवघा एक लाख पाडलेला. म्हणून त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून फसवणारे पुष्कळ. अशा वेळी पुढची बाजू पाहावी. स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटपट्टीवर ‘लिबर्टी’ कोरलेलं असतं. अस्सल नाण्यात त्यातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक, तिरपी, उठावदार रेघ असते, कारण ही सगळी नाणी समोरच्या बाजूच्या एकाच ठशातून निघाली. फार झिजलेल्या नाण्यात ती पुसट होते, तेव्हा जाणकारालाच दाखवा. आणि दाखवण्याआधी नाणं रांगोळीनं किंवा टूथपावडरनं घासू नका. त्या ओरखड्यांनी ही रेघही जाते आणि किंमतही.